पाण्याकाठी कोणते आले लावावे?

पोहण्याच्या तलावाचा काठ असो वा साध्या हौदाचा. तेथील अर्धवट सावलीत काय लावावे? उष्ण, दमट प्रदेशांतील बागांत याचे एक ठरलेले उत्तर असते : आल्याच्या कुलातील फुलझाडे. त्यांची मोठी पाने भर उन्हात करपतात, तर दाट सावलीत फुले कमी येतात. ओलसर माती आणि अधलीमधली सावली त्यांना मानवते. जमिनीखालच्या आडव्या खोडात अन्न साठत असल्याने ती फारशी देखभाल न करताही वाढतात. पण या उत्तरामागचा इतिहास पाहिल्यावर निवड तितकीशी सोपी राहत नाही.

आपल्या परसातला सुगंधी सोनटक्का याच कुलातला. लिनिअसचे शिष्य योहान केनिग १७६८ साली तामिळ किनाऱ्यावरील त्रांकेबारला आले. सोनटक्क्याच्या प्रजातीला त्यांनी दिलेले हेडिकियम हे नाव १७८३ साली प्रसिद्ध झाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मधुर हिम'. याच प्रजातीतील, पिवळ्या पाकळ्यांच्या व तांबड्या पुंकेसरांच्या एका हिमालयीन जातीला नेपाळमधील ब्रिटिश रेसिडेंट एडवर्ड गार्डनर यांचे नाव मिळाले. ते १८२४ साली छापले गेले.

गार्डनर यांच्या नावाची ही जाती पुढे शोभेसाठी अझोर बेटे, न्यूझीलंड आणि हवाई येथे पोचली. हवाईत राजचिन्ह असलेल्या पिसांच्या दंडावरून तिला 'काहिली' म्हणतात. पण ती बागेत थांबली नाही. तिच्या बियांवरचे लाल आवरण पक्ष्यांना आवडते, त्यामुळे बिया रानात पोचल्या. खोडांची जमिनीवर जाड चटई झाली आणि तिच्यातून मूळच्या झाडांची रोपे वर येईनात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जीवांच्या यादीत तिचा समावेश झाला. सावली सोसणे आणि झपाट्याने वाढणे हे गुण पाहून बागवानांनी तिला निवडले. जंगलाला तेच गुण भोवले.

सोनटक्क्याचेही तसेच. क्यूबाने त्याला राष्ट्रीय फूल मानले, तर ब्राझीलच्या पाणथळ जागी तो तण ठरला. ओढ्यात पडलेला खोडाचा तुकडा वाहत जाऊन दुसरीकडे रुजतो.

म्हणून रोप निवडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : ते कशाने पसरते, आणि काठावरचे पाणी पुढे कोठे जाते? सह्याद्रीत आपोआप उगवणारी रानहळद आणि आल्याच्या कुलाचे जवळचे नातलग असलेले पेव यांचा महाराष्ट्रात आधी विचार करावा. सोनटक्का हवाच असेल तर तो बांधीव वाफ्यात लावावा. छाटलेली खोडे ओढ्यात टाकू नयेत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सोनटक्क्याच्या खोडाचे डोळा असलेले आणि डोळा नसलेले सारखेच तुकडे ओल्या मातीत पुरा. किती तुकडे रुजतात, याची नोंद विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ठेवू द्या. एका तुकड्यापासून ओढ्याचा काठ कसा भरतो, हे त्यांचे त्यांनाच उमजेल.