आर्वी तेलंगराव

बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आर्वीत काय दाखवायचे, हा प्रश्न आम्हा आर्वीकरांना नेहमी पडतो. लेणी नाहीत, किल्ला नाही. मग आम्ही त्याला नदीपलीकडे रुक्मिणीच्या कौंडण्यपूरला नेतो. तिथे मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केले, त्याचा अहवाल १९६८ साली निघाला, हेही सांगतो. पाहुण्याकडे वेळ असला तर आष्टीचे मकबरे दाखवतो. ज्या गावात तो मुक्कामाला असतो, त्या गावाचे जुने नाव मात्र सांगायचे राहून जाते. ते नाव ‘आर्वी तेलंगराव’.

माझ्या माहितीतली या नावाची ठळक छापील नोंद चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटिअरात आहे. हा ग्रंथ १८७० चा. नोंद चार-पाच ओळींचीच आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेलंगराव वली नावाच्या पुरुषाने हे गाव वसवले. हिंदू त्याला ब्राह्मण म्हणतात, मुसलमान त्याला मुसलमान म्हणतात. दोघेही त्याच्या समाधीला भजतात. आणि गावातल्या व्यापारी मंडळींनी अलीकडेच त्या समाधीचे देखणे देवस्थान केले आहे.

दोन वर्षांपूर्वी एका स्मरणिकेच्या निमित्ताने गावातले एक गृहस्थ घरी आले. “भाऊ, तुम्ही एवढे जुने कागद वाचता. तेलंगराव नेमके कोणाचे, ते एकदाचे लिहून द्या. पुराव्यानिशी,” असे म्हणाले. बोलणे सौजन्याचे होते, पण त्यांना कोणते उत्तर हवे आहे ते मला कळत होते. मला थोडी शरमही वाटली. कारण पंधराएक वर्षांपूर्वी मीच एका छोट्या लेखात ‘राव’ या दोन अक्षरांवरून निकाल देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा मी गॅझेटिअर अर्धेच वाचले होते.

‘राव’ ही पदवी आहे. ती ब्राह्मणाला लागते, मराठ्याला लागते, दरबारी मानकऱ्यालाही लागते. त्यावरून जात ठरत नाही. ‘वली’ हा शब्द अरबी, ईश्वराचा मित्र या अर्थाचा. सत्पुरुषांना तो आदराने लावतात. आदराने लावलेल्या नावावरून जन्माचा धर्म काढणेही तितकेच कच्चे. राहिला ‘तेलंग’. तो फार तर तेलंगणाकडे बोट दाखवतो. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांमुळे आपल्याला ते ब्राह्मणी आडनाव वाटते, पण उत्तरेत पुढे ‘तिलंगा’ म्हणजे शिपाई असाही अर्थ रूढ झाला. तिन्ही शब्द तपासले तरी निकाल लागत नाही.

मग काळ पाहू. १८७० मधून तीनशे वर्षे वजा केली तर आपण १५७० च्या आसपास पोचतो. लोकांच्या तोंडची ‘तीनशे वर्षे’ शब्दशः घ्यायची नसतात, तरी त्या सुमाराचे राजकारण पाहण्याजोगे आहे. पलीकडे वऱ्हाडात एलिचपूरची इमादशाही शेवटच्या घटका मोजत होती. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क. फिरिश्ता लिहितो की तो मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू, लहानपणी लढाईत हाती लागला आणि मुसलमान म्हणून वाढला. निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन, तोही फिरिश्त्याच्याच सांगण्याप्रमाणे पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा. म्हणजे त्या शतकात ‘ब्राह्मण की मुसलमान’ हा प्रश्न तेलंगरावाच्या बाबतीतच नव्हे, सिंहासनावरच्या घराण्यांच्या बाबतीतही दोन्ही अंगांनी सुटत होता. आज आपण ‘किंवा’ घालतो, तिथे तेव्हा ‘आणि’ होते.

आष्टीची गोष्ट वेगळी. तिथला महंमदखान नियाझी हा मोगल दरबारचा सरदार. त्याला आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगावची जहागीर होती. मृत्यू १६२७ चा. त्याचे नाव, हुद्दा, वर्ष सगळे लिहिलेले आहे, मकबराही उत्तम. तेलंगरावाचे यातले काहीच लिहिलेले नाही. तरी गावाने नाव लावून घेतले ते त्याचे.

माझे लक्ष अलीकडे ग्रँटच्या शेवटच्या वाक्याकडे जाते: व्यापाऱ्यांनी देवस्थान केले. पैसा कुठून आला? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. भाव कडाडले. त्याच वर्षांत आपल्याकडे १८६१ ला मध्यप्रांत झाला, १८६२ ला नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, १८६७ ला रेल्वे पुलगाव-वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि त्याच साली आर्वीत नगरपालिका आली. बंड्यांच्या रांगांनी पुलगावकडे जाणाऱ्या कापसाच्या नफ्यातला काही भाग समाधीच्या दगडात गेला असावा, असे माझे अनुमान आहे. पावती मिळालेली नाही, पण कालगणना नीट जुळते.

याच वर्षांत भूमध्य समुद्रावरचे अलेक्झांड्रियाही कापसावर गबर झाले. अमेरिकेची जागा भरून काढायला इंग्रज गिरणीवाल्यांनी एक हात नाईल नदीकडे पसरला, दुसरा आपल्याकडे. त्या शहराचा लाडका संत अबुल अब्बास अल-मुर्सी, तेराव्या शतकातला, स्पेनमधल्या मुर्सियाहून आलेला. गावावर ज्याची छाया तो बाहेरून आलेला, हे तिथेही तसेच. दोन गावांची ओळख कधी झाली नाही, पण त्यांच्या गाठी लिव्हरपूलच्या एकाच बाजारात उतरत होत्या.

आपल्या जिल्ह्यातही आर्वी एकटी नाही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचे स्थान आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला अशी कथा सांगतात आणि टेकडीवरचे गोल दगड दाखवतात. भूगर्भशास्त्र काही सांगो, नवस फेडायला दोन्हीकडची माणसे चढतात.

पुलगावचा रस्ता पुढे रुळांनी भरला. १९१७ ची ती अरुंद गाडी, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व्यवस्था किलिक निक्सनकडे. लोक तिला शकुंतला म्हणत. तीही बंद पडली. तिच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा मी त्यांना एक पान दिले. त्यात माझ्या जुन्या लेखातली चूक आधी लिहिली होती आणि खाली ग्रँटची नोंद पूर्ण, दोन्ही दाव्यांसकट. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचले. “यात निकाल नाही,” म्हणाले. मी म्हटले, “नाही. पण छापायचे असेल तर दोन्ही वाक्ये छापा, एक गाळू नका.” स्मरणिका निघाली, त्यात पान नव्हते. म्हणून ते इथे देतो आहे.