विवाहाचा हेतू आणि ब्रिटनचा निवासपरवाना

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या जोडीदाराकडे कायमचे राहायला जाण्यासाठी भारतीय पतीला वा पत्नीला जो परवाना लागतो, त्याचा इतिहास फार जुना नाही. 1962 च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यापर्यंत राष्ट्रकुलातील, म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या, नागरिकांना तेथे जाण्यास अटकाव नव्हता, आणि त्या कायद्यानेही स्थायिकांच्या पत्नींचा व सोळा वर्षांखालील मुलांचा प्रवेशाचा हक्क कायम ठेवला. 1969 मध्ये मात्र मायदेशातील ब्रिटिश उच्चायुक्तालयातून प्रवेश-प्रमाणपत्र आधीच मिळवण्याची सक्ती झाल्याने हक्क कागदावर राहिला आणि उपखंडातील कुटुंबांच्या वाट्याला मुलाखती व दीर्घ प्रतीक्षा आली.

नियोजित वधूला तीन महिन्यांत विवाह करण्याच्या अटीवर या प्रमाणपत्राशिवाय प्रवेश मिळत असे, आणि याच सवलतीतून एक अत्यंत लाजिरवाणा प्रकार उद्भवला. विवाहित स्त्रिया प्रतीक्षा टाळण्यासाठी स्वतःला नियोजित वधू म्हणवतात, असा अधिकाऱ्यांचा संशय होता, आणि त्यापायी जानेवारी 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका 35 वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली. ‘द गार्डियन’ दैनिकाने हे उघडकीस आणल्यावर गृहमंत्री मर्लिन रीस यांनी ही प्रथा थांबवली. परंतु 2011 मध्ये प्रकाशात आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून अशा किमान 80 तपासण्या झाल्याचे, आणि त्यांतील बहुतेक भारतातच झाल्याचे, दिसून आले. एवढ्या संख्येनंतर त्या प्रकाराला एखाद्या अधिकाऱ्याची चूक म्हणता येत नाही. स्त्रीच्या शरीरालाच अर्जाचा पुरावा मानणारी ती व्यवस्था होती.

पतींसाठी 1980 च्या नियमांनी ‘मुख्य हेतू’ची कसोटी आणली, म्हणजे विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हाच असेल तर अर्ज नाकारावयाचा, आणि तसा हेतू नाही हे सिद्ध करण्याचा भार 1983 पासून अर्जदारावरच टाकण्यात आला. विवाह खरा असल्याचे मान्य करूनही या कसोटीवर अर्ज फेटाळता येत असे. ठरवून केलेल्या विवाहांना तिचा फटका विशेष बसला, कारण मुलगी सासरी जाते ही रीत असताना हा पती पत्नीच्या देशी का निघाला, असा प्रश्न अधिकारी उपस्थित करीत. घरजावई होणे कमीपणाचे मानणाऱ्या समाजाची रूढी अशा रीतीने त्याच समाजातील अर्जदारांविरुद्ध वापरली गेली.

1985 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पतींना पत्नींपेक्षा कडक नियम लावणे हा लिंगभेद ठरवला, तेव्हा पतींवरील अट सैल करण्याऐवजी ब्रिटिश सरकारने तीच पत्नींनाही लागू केली. समतेच्या निकालाचा याहून विपरीत अर्थ लावणे कठीण होते. ही कसोटी जून 1997 मध्ये रद्द झाली. पुढे अडसर उत्पन्नाचा आला: जुलै 2012 पासून परदेशी जोडीदाराला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान 18,600 पौंड असणे आवश्यक झाले, आणि एप्रिल 2024 मध्ये ही मर्यादा 29,000 पौंडांवर नेण्यात आली.