श्येनविनोदापासून श्येनगणनेपर्यंत



हस्ताचा पाऊस सरला आणि रब्बी ज्वारीची पेरणी आटोपली, कीं सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्यावर दूरदेशचे पाहुणे उतरूं लागतात. बदकांकडे सर्वांचेंच लक्ष जातें. तीं संख्येनें पुष्कळ आणि दिसावयास सोपीं. मला आज बोलावयाचें आहे तें त्यांच्या मागोमाग येणाऱ्या शिकारी पक्ष्यांविषयीं. काठच्या पाणकणसांवरून, पंख किंचित् उचलून धरून, एखादा तपकिरी पक्षी संथपणें तरंगत जातो आणि त्याच्या नुसत्या सावलीनें सारें तळें खडबडून उठतें. हा दलदलींतला भोवत्या. त्याचे दोन सडपातळ भाऊबंद मध्य आशियांतील गवताळ मैदानांतून येतात व पाण्यापेक्षां माळ अधिक पसंत करतात.

या पक्ष्यांशीं आमच्या प्रांताचा संबंध फार जुना आहे. बाराव्या शतकांत सोलापूरचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. शहरांतील तळें सिद्धरामेश्वरांनीं बांधविलें असें परंपरा सांगते, तेंही त्याच शतकांत. त्या घराण्यांतील भूलोकमल्ल सोमेश्वर, म्हणजे तिसरा सोमेश्वर, यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानें काय खावें येथपासून हत्ती कसे झुंजवावे येथपर्यंत त्यांत सर्व कांहीं आहे, आणि ‘श्येनविनोद’ या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरणही आहे. ससाणा हातावर बाळगून त्याच्याकडून शिकार करविणें हा राजाचा विनोद! युरोपांत सम्राट् दुसरा फ्रेडरिक यानें याच विषयावर आपला विख्यात ग्रंथ लिहिला तो यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं. आपल्याकडे मानसोल्लासाचें नांव पाकशास्त्राच्या व संगीताच्या चर्चेंत निघतें. पक्ष्यांच्या संबंधांत मात्र तें क्वचितच निघतें, याची मला नेहमीं रुखरुख वाटते.

त्यानंतरचा मोठा पालट इंग्रजी अमदानींत झाला. १८६० मध्यें आगगाडी सोलापुरास पोंचली, आणि १८७१ मध्यें अधिला नदीवरचें एकरुखचें धरण पुरें झालें. तेंच हें हिप्परग्याचें तळें. दुष्काळी मुलखांतल्या शेतीसाठीं अडविलेल्या पाण्यानें पांखरांनाही नवें घर मिळालें. काँग्रेसच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून आपण ज्यांना ओळखतों ते ह्यूमसाहेब पक्षिशास्त्राचेही मोठे व्यासंगी होते. ‘स्ट्रे फेदर्स’ या त्यांच्या नियतकालिकांत १८७८ सालीं मुलकी अधिकारी डेव्हिडसन आणि रेल्वेमधील वेंडन या दोघांनीं दख्खनच्या पक्ष्यांवर दीर्घ निबंध लिहिला. त्यांत सोलापूरकडील पक्षी आले आहेत. त्या काळीं पक्षी ओळखावयाचा तो बंदुकीनें पाडून आणि कातडें सोलून. त्या पिढीस पक्षी कोणता हें अचूक ठरवावयाचें होतें. किती, या प्रश्नास ‘विपुल’ अथवा ‘विरळ’ एवढें उत्तर पुरत असे.

किती, हा प्रश्न नेटानें विचारला गेला तो अमेरिकेंत. पेन्सिल्व्हानियांतील एका डोंगरकड्यावर शरद् ऋतूंत दक्षिणेकडे जाणारे ससाणे केवळ मौजेखातर मारले जात. १९३४ मध्यें रोझली एज या बाईंनीं तो डोंगरच भाडेपट्ट्यानें घेतला, पहारा ठेवला, आणि पहारेकऱ्यानें मोजणी सुरू केली. पुढें रेचेल कार्सन यांनीं १९६२ च्या आपल्या ग्रंथांत तेथील आंकडे वापरले. १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या गरुडांत शेंकडा चाळीस कोंवळ्या वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्यें शेंकडा वीसच उरले. गरुड तर आकाशांत दिसत होते. पण त्यांचीं पिलें वाढत नव्हतीं. कीटकनाशक विषाकडे बोट दाखविण्यास हा पुरावा उपयोगी पडला.

अमेरिकेंतच सुपीरियर सरोवराच्या काठीं, डुलुथ शहरावरून, दर शरदांत हजारों ससाणे जातात. पाण्यावर ऊन हवेचे झोत उठत नाहींत, म्हणून ते सरोवर टाळून काठाकाठानें वळतात, आणि मोजणाराचें काम सोपें होतें. हिप्परग्याचें तळें तसा अडसर होण्याइतकें मोठें नाहीं. आमच्या सपाट मुलखांत पाहुणे विखरून येतात. त्यांना गांठावयाचें तें निजण्याच्या ठिकाणीं. माळावरचे भोवत्ये झाडावर बसत नाहींत. दिवस मावळतां चहूंकडून एकेक येऊन ते उंच गवतांत जमिनीवरच रात्र काढतात. मोजणारानें दूर, वाऱ्याच्या आडोशास बसावें, गवतांत उतरणारा प्रत्येक पक्षी टिपावा, आणि पुन्हां उठलेला वजा करावा. थंडी, डांस आणि झपाट्यानें सरणारा उजेड! पण अर्ध्या घटकेंत संपणारें हें काम दरसाल त्याच जागीं, त्याच दिवसांत झालें तरच त्याला मोल.

सोलापुराजवळच नान्नजचा माळ आहे. १९७९ मध्यें स्थापिलेल्या माळढोक अभयारण्याचा तो भाग. तेथील माळढोक मोजले जात होते, म्हणून ते कसे ओसरत गेले हें सरकारदप्तरीं वर्षवार दिसतें. अलीकडच्या गणनांत एखाददुसराच आढळला. भोवत्ये त्याच गवतांत निजतात, त्याच माळावरचे नाकतोडे खातात. कागदोपत्रीं हें गवत ‘पडीक’ म्हणून नोंदलें जातें, नांगराखालीं जातें, नाहींतर त्यावर झाडें लावलीं जातात. त्यांना गवत मिळालें नाहीं तर रात्रीपुरती दुसरी जागा नाहीं.

येत्या कार्तिकांत तळ्यावर जाल तेव्हां बदकें पाहून झाल्यावर घाईनें परतूं नका. सूर्य टेंकल्यावर पाणकणसांकडे पाठ न करतां थोडें थांबा, आणि वहींत तारीख, वेळ व आंकडा लिहून ठेवा. शून्य असला तरी.