ईश्वराला सारे ठाऊक, मग पश्चात्ताप कशासाठी?

कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल ज्यू समाज ‘योम किप्पूर’ या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत असे. दार लावून घेऊन उपवास करण्याचा हा दिवस. पण माणूस उद्या काय करणार, हे ईश्वराला आधीच ठाऊक असेल, तर पापाचा दोष त्याच्या माथी कसा येतो आणि त्याच्या पश्चात्तापाला अर्थ काय?

मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेस (११३८-१२०४) यांनी ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत हा प्रश्न पश्चात्तापाच्या नियमांतच घेतला, हे लक्षणीय होय. माणूस पूर्णपणे स्वतंत्र आहे, असे ते ठामपणे सांगतात. ईश्वराचे ज्ञान ईश्वराहून वेगळे नाही. म्हणून ते कसे असते, हे मानवी बुद्धीला कळणे नाही, एवढेच त्यांचे उत्तर. फ्रान्समधील समकालीन टीकाकार अब्राहम बेन दाविद यांना ते रुचले नाही. उत्तर पुरते देता येत नसेल, तर भाविकाच्या मनात शंका जागवू नये, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच गैरलागू नव्हता.

गेर्सोनिदेस (१२८८-१३४४) यांनी सर्वज्ञतेलाच मर्यादा घातली : माणूस स्वेच्छेने नेमके काय निवडील, हे ईश्वर आधी जाणत नाही. हस्दाय क्रेस्कास यांनी उलट स्वातंत्र्य आक्रसले. १४१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘ओर अदोनाय’ या ग्रंथात त्यांनी मानवी निवडीलाही कारणांच्या साखळीत बसविले. त्यांचा एकुलता एक मुलगा १३९१ मधील ज्यूविरोधी दंगलीत बार्सिलोनात मारला गेला होता.