पत्रांक हरवलेले पान : वेब आणि कागद यांचा इतिहास

१/ जुन्या हस्तलिखित पोथ्यांची पाने सुटी असत. ती विस्कटली, तरी समासातील पत्रांक पाहून पुन्हा क्रमाने लावता येत. वेबवरील ‘पाना’ला मात्र असा पत्रांक नव्हता. ते कागदावर नीट उतरावे यासाठी झालेल्या दीर्घ खटपटीचा हा इतिहास. #थ्रेड

२/ जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरील माहिती संशोधकांना एकमेकांपर्यंत पोहोचवता यावी, हा तिचा हेतू. म्हणून एचटीएमएल ही भाषा शीर्षक कोणते आणि परिच्छेद कोणता, एवढेच सांगे. ओळ कुठे मोडावी, हे वाचकाचा संगणक ठरवी.

३/ परिणामी वेबपान हे नावापुरतेच पान राहिले. प्रत्यक्षात ती जन्मपत्रिकेसारखी लांबच लांब गुंडाळी होती. कागदाला मात्र कडा असतात, आणि त्याही सर्वत्र सारख्या नसतात : ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, तर अमेरिकेतील ‘लेटर’ सुमारे २१६ × २७९ मिलिमीटरचा.

४/ छापताना ही गुंडाळी कागद संपेल तिथे कापली जाई. शीर्षक एका पानाच्या तळाशी, त्याखालचा मजकूर दुसऱ्या पानावर. तक्ते मधोमध तुटलेले. आणि पडद्यापुरत्या असलेल्या बटणांच्या पट्ट्याही कागदावर उमटलेल्या!

५/ १९९३ साली ‘अडोबी’ कंपनीने पीडीएफ आणले. त्यात प्रत्येक अक्षराची जागा पक्की असे, त्यामुळे छपाई बिनचूक होई. पण हीच ताठरता लहान पडद्यावर अडचणीची ठरे. पडद्याला आणि कागदाला एकच मजकूर मानवावा, हा प्रश्न सुटला नव्हता.

६/ १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्हियुम ली यांनी एक प्रस्ताव मांडला : मजकूर वेगळा ठेवावा आणि त्याच्या रूपाचे नियम वेगळे लिहावेत. बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. तिच्यात कागदी पानाचा विचार नव्हता.

७/ तो आला मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत. आता एकाच मजकुराला पडद्यासाठी एक आणि कागदासाठी दुसरा वेश देता येऊ लागला. समास किती, नवे पान कुठून, हे सांगता येऊ लागले. परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर पडू नये, हा मुद्रकांचा जुना दंडकही नियमांत आला.

८/ एक अडचण खास वेबची होती : दुवा कागदावर निर्जीव होतो. २००२ साली एरिक मेयर यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात सोपी युक्ती मांडली : छापताना दुव्यापुढे कंसात त्याचा पूर्ण पत्ता आपोआप उमटवावा.

९/ नियम झाले, तरी ब्राउझर बनवणाऱ्यांचे लक्ष पडद्याकडेच राहिले. तेव्हा ली आणि बोस यांनी प्रत्यक्ष पुरावाच दिला. सीएसएसवरील त्यांच्या ग्रंथाची २००५ ची तिसरी आवृत्ती एचटीएमएल आणि सीएसएसमध्येच रचली गेली. मेलबर्नच्या ‘येसलॉजिक’ कंपनीच्या ‘प्रिन्स’ या प्रणालीने तिची छापण्याजोगी पाने तयार केली.

१०/ आणि पत्रांक? समासात मजकूर व पृष्ठक्रमांक छापण्याचे नियम २००४ च्या मसुद्यात होते. क्रोमने ते स्वीकारले नोव्हेंबर २०२४ मध्ये, १३१ व्या आवृत्तीत. पोथी लिहिणारा लेखनिक ज्या खुणेला कधी चुकला नाही, ती खूण वेबच्या पानावर उमटायला वीस वर्षे लागली.