तबकडीचें कुलूप

वस्तु विकत घेतली आणि ती चालली नाहीं, कीं ती सदोष असावी असा पहिला संशय गिऱ्हाइकाच्या मनांत येतो. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिडिओ खेळांच्या बाजारांत एक चमत्कारिक प्रकार रूढ झाला. तबकडी निर्दोष, यंत्र निर्दोष, दोन्ही एकाच कारखानदाराचीं. आणि तरीही यंत्र तबकडीचा स्वीकार करीत नसे. टोकिओच्या दुकानांत रोख पैसे मोजून घेतलेली तबकडी लंडनला नेली, कीं तेथें ती मुकी होई. हा अपघात नव्हता. ती योजना होती.

यंत्राशीं न जुळणाऱ्या तबकड्यांची गोष्ट तशी जुनी आहे. थॉमस एडिसन यानें १९१२ सालीं ज्या तबकड्या बाजारांत आणल्या, त्यांच्या चरींत नाद खालवर कोरलेला असे. व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांत तो डावी-उजवीकडे कोरलेला असे. त्यामुळें एकाची तबकडी दुसऱ्याच्या ग्रामोफोनवर नीट वाजत नसे. पण तेथें अडचण सुईची होती, आणि निराळा जोड बसविला कीं ती दूर होई. पुढें मात्र असा काळ आला, कीं यंत्राला तबकडी वाचतां येत असूनही तें ती वाचण्याचें नाकारूं लागलें.

१९८२ सालीं सोनी व फिलिप्स या कंपन्यांची १२ सेंटिमीटर व्यासाची संगीताची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. तींत सुईची जागा लेसरच्या किरणानें घेतली. सर्पिल मार्गावरील सूक्ष्म खळगे आणि सपाट जागा यांवरून परतणाऱ्या प्रकाशांतून आंकडे वाचले जातात. याच तबकडीवर खेळ साठविणारें 'प्लेस्टेशन' हें यंत्र सोनीनें ३ डिसेंबर १९९४ रोजीं जपानमध्यें विक्रीस काढलें, आणि १९९५ च्या सप्टेंबरांत तें अमेरिकेंत व युरोपांत गेलें. तोंपर्यंत घरगुती यंत्रांचे बहुतेक खेळ प्लॅस्टिकच्या डबींत बसविलेल्या चिपांवर येत. डबी महाग पडे, पण तिची नक्कल करणें कठीण. तबकडी स्वस्त पडे. परंतु संगणकाला जोडलेल्या लेखनयंत्रानें तिची नक्कल घरबसल्या होऊं लागली. कारखानदारास भय वाटणें स्वाभाविक होतें.

या भयावर सोनीनें काढलेला उपाय मोठा चतुर होता. अस्सल तबकडीच्या आरंभीच्या भागांतील सर्पिल मार्ग ठराविक रीतीनें किंचित् लचकत जातो, आणि त्या लचकण्यांत चार रोमन अक्षरांची खूण गुंफलेली असते. पहिलीं तीन अक्षरें 'एस्, सी, ई'. चौथें प्रदेशपरत्वें बदलणारें. जपानसाठीं 'आय्', अमेरिकेसाठीं 'ए', युरोपसाठीं 'ई'. तबकडी आंत ठेवतांच यंत्र प्रथम ही खूण तपासतें. साधें लेखनयंत्र तबकडीवरील आंकडे जसेच्या तसे उतरवितें, पण तें कोऱ्या तबकडीवर आधींच असलेल्या चरीवरून चालतें. मूळ मार्गाची लचक त्याला उतरवितां येत नाहीं. त्यामुळें नक्कल तत्काळ ओळखली जाई. परंतु त्याच चौथ्या अक्षरामुळें परप्रदेशांतील अस्सल तबकडीही नाकारली जाई. चोरासाठीं घातलेल्या अडसरानें पाहुणाही दाराबाहेर राहिला.

या विभागणीस कांहीं तांत्रिक कारण नव्हतें असें नाहीं. जपान व अमेरिका येथील त्या काळचें टेलिव्हिजन ५२५ रेषांचें आणि सेकंदास सुमारें ३० चित्रांचें होतें. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि भारत येथील ६२५ रेषांचें आणि २५ चित्रांचें. तथापि जपान व अमेरिका यांची पद्धति जवळजवळ एकच असतां त्यांचीं अक्षरें मात्र निराळीं होतीं. यावरून उघड होतें, कीं प्रश्न केवळ चित्राचा नव्हता. कोणत्या देशांत खेळ केव्हां विकावा व किती किंमतीस विकावा, ही सत्ताही त्या एका अक्षरांत सामावलेली होती.

लवकरच या कुलपाची किल्ली निघाली. 'मॉडचिप' नांवाची एक लहानशी चिप यंत्रांत झाळून बसविली, कीं ती स्वतःच योग्य अक्षरें यंत्रास पुरवी. तिच्यामुळें परदेशची अस्सल तबकडी चाले आणि चोरीची नक्कलही चाले. वादाचें मूळ हेंच. सिडनी येथील एका विक्रेत्यानें अशा चिपा विकल्या व बसवून दिल्या, तेव्हां सोनीनें त्याच्यावर फिर्याद केली. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगानें न्यायालयाचा मित्र या नात्यानें खटल्यांत भाग घेतला. चिपांच्या प्रश्नावर २००२ सालीं निकाल विक्रेत्याच्या बाजूनें लागला. २००३ सालीं अपिलांत तो फिरला. आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजीं त्या देशाच्या सर्वांत वरिष्ठ न्यायालयानें एकमतानें तो पुन्हां विक्रेत्याच्या बाजूनें दिला. न्यायालयाच्या मतें कायद्याचें संरक्षण होतें तें नक्कल रोखणाऱ्या साधनास. सोनीचें कुलूप नक्कल रोखीत नव्हतें. ती आधींच झालेली असे, कुलूप फक्त तिला चालूं देत नसे.

२००६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या संसदेनें कायदा अधिक कडक केला. तथापि परदेशांत रीतसर घेतलेला खेळ केवळ बाजारांच्या विभागणीसाठीं देशांत चालूं न देणारें जें कुलूप, तें तिनें या संरक्षणांतून वगळलें. चोर आणि पाहुणा यांतील जो भेद यंत्राला कळला नव्हता, तो अशा रीतीनें कायद्यांत लिहिला गेला.

त्याच वर्षीं आलेल्या 'प्लेस्टेशन ३' वर बहुतेक खेळ कोणत्याही प्रदेशांतून आणले तरी चालूं लागले. परंतु २०२० सालीं त्याच मालिकेंतील पांचवें यंत्र तबकडीची सोय नसलेल्या स्वरूपांतही विक्रीस आलें. त्यावर खेळ इंटरनेटवरून येतो आणि ग्राहकाच्या खात्याशीं बांधलेला राहतो. तबकडी निदान हातांत धरतां येत होती. मित्रास देतां येत होती, विकतां येत होती, आणि न चालल्यास दुकानदारापुढें ठेवून जाब विचारतां येत होता. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर अखेरचा अधिकार विकणाराचा कीं घेणाराचा, हा प्रश्न त्या चार अक्षरांनीं उभा केला होता. तबकडी दिसेनाशी होऊं लागली, तरी तो प्रश्न तिच्याबरोबर गेलेला नाहीं.