ईमेलमधील मदत-सुविधा

ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्येच असलेली, ते कसे वापरावे हे सांगणारी सोय. विंडोजवर ती बहुधा एफ१ ही कळ दाबून उघडते. आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत वरच्या शोधचौकटीत कामाचे नाव टाकले की ती आज्ञाच समोर येते. जीमेलमध्ये उजवीकडे वर प्रश्नचिन्ह असते.

वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये ‘पाइन’ या ईमेल-प्रोग्रॅमचे काम सुरू झाले. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत उपलब्ध आज्ञा सदैव दिसत असल्याने त्यात मदत वेगळी शोधावी लागत नसे. ऑफिस ९७ पासून मायक्रोसॉफ्टने मदतीला डोळे मिचकावणारी पेपरक्लिप दिली. २००७ च्या आवृत्तीत ती गेली, आणि फारसे कोणी हळहळले नाही.

रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदराच्या शिपिंग, कस्टम्स ब्रोकर आणि सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन) कार्यालयांत बिल ऑफ लेडिंगच्या प्रती, डिलिव्हरी ऑर्डर (डीओ), ड्यूटीची चलने यांची ये-जा मोठ्या प्रमाणात मेलवर चालते. कंटेनर क्रमांकात चार अक्षरे आणि सात अंक. एक अंक चुकला तर गेटवर गाडी अडते. म्हणून गेलेला मेल परत घेता येईल का, हा प्रश्न इथे मोलाचा. त्यासाठी मदतीत ‘रिकॉल’ शोधावे. ‘डीओ चुकीची गेली’ असे लिहून हाती काही लागत नाही. धंद्याची भाषा मदतीला कळत नाही, तिला सॉफ्टवेअरमधलेच नाव लागते. मिळालेले उत्तरही शेवटपर्यंत वाचावे: आउटलुकचे रिकॉल दोघेही एकाच संस्थेच्या एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असतील तरच चालते. आयातदाराच्या जीमेलवर गेलेला मेल परत येत नाही. जीमेलची ‘अनडू सेंड’ फार तर ३० सेकंद थांबते, तीही मेल पाठवणारा जीमेलवर असेल तर. जीमेलची जोडपत्रांवरील २५ एमबीची मर्यादाही मदतीच्या पानांत सापडते. स्कॅन केलेल्या जाड कागदपत्रांच्या गठ्ठ्याला ती सहज आडवी येते. एवढे असूनही कारकून आधी शेजारच्या टेबलाला विचारतो, आणि ते शहाणपणाचेच आहे, कारण शेजाऱ्याला डीओ म्हणजे काय ते ठाऊक असते.

कधी मेलच बंद पडतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले. तिच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवले जाणारे न्हावा शेव्यातील गेटवे टर्मिनलही त्यात सापडले. कंपनीचा मेलच बंद पडल्याने कर्मचाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप आणि खासगी जीमेलचा आधार घ्यावा लागला. ईमेल-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत मदतीच्या फायली निदान संगणकातच असत. आता एफ१ दाबले की बहुतेक वेळा इंटरनेटवरची पाने उघडतात, त्यामुळे कनेक्शन गेले की मेल आणि त्याची मदत दोन्ही एकदमच जातात.